उघडीप आणि वाफसा: तीन गावांच्या पावसाच्या प्रकल्प नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबर 2025

22 सप्टेंबर, सोमवार (घटस्थापना)

आजपासून वही सुरू. प्रकल्पाला नाव दिलेलं नाही, गटातले लोक त्याला 'उघडीपचा मेसेज' म्हणतात, तेच ठेवतो. काम एवढंच: औसा तालुक्यातल्या आमच्या तीन गावांना आठवड्यातून दोनदा कळवायचं की पाऊस कधी थांबेल आणि सोयाबीन कधी काढता येईल. हवामान खात्याचा रोजचा जिल्ह्याचा अंदाज, गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्ला हे तिन्ही वाचायचं आणि आमच्या रानाला लावून चार ओळीत सांगायचं. अंदाज आपण करायचा नाही. गावोगाव यूट्यूबवरचे अंदाजवाले भरपूर आहेत, त्यात आपली भर नको.

पाच पर्जन्यमापकं बसवली. शाळा, मारुतीचा पार, माळ, धाबा आणि नदीकाठ. नदीकाठ म्हणजे तेरणेच्या काठचं आक्काचं रान. सगळी एकाच मापाची, तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर, आत चार लिटरची बाटली. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण देशभर त्याच वेळेला मोजतात. शाळेचं गुरुजींकडे, पाराजवळचं दूध संकलनवाल्या पोराकडे, माळावरचं तात्यांकडे. धाब्याचं मालकाकडे दिलंय, पण ते साडेआठला उठतात का याची शंका आहे.

आकाश सकाळपासून गच्च. सोयाबीन पिवळं पडून पानं गळालीत, म्हणजे काढणीला आलंय. लवकर पेरलेलं एमएयूएस 71 वाणाचं आधीच वाळून उभं आहे, त्याच्या शेंगा पावसात उभ्या राहू देणं आता परवडणारं नाही.

23 सप्टेंबर, मंगळवार

पहिलीच रीडिंग आणि पहिलाच घोळ. मिलिमीटरमध्ये शाळा 74, पार 69, माळ 52, नदीकाठ 66, धाबा 31. शाळा आणि धाब्यात अंतर सव्वातीन किलोमीटर. धाबेवाले मामा खरंच उशिरा उठले असतील म्हणून फोन केला, तर म्हणाले, "सर, आमच्याकडं पाऊसच कमी झाला. हायवेच्या अलीकडं धो धो आणि पलीकडं धुरळा बसला एवढाच."

हवामान खात्याचं नवं भारत फोरकास्ट सिस्टिम या मे महिन्यात सुरू झालं, त्यात अंदाजाच्या नकाशाचा एक चौकोन 6 किलोमीटरचा. पूर्वीच्या 12 च्या मानानं पुष्कळ बारीक. तरीही आमची पाचही मापकं त्या एका चौकोनात बसतात आणि त्याच्या आत 31 ते 74 एवढा फरक. हे मेसेज लिहिताना डोक्यात ठेवायला पाहिजे.

संध्याकाळी पहिला मेसेज पाठवला: "24 व 25 ला पावसाचा जोर कमी. 26 पासून पुन्हा वाढेल. 26 ते 28 मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार."

शब्द बुलेटिनचेच ठेवले. बरोबर लिहिलं असं वाटतंय.

25 सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस उघडीप म्हणावी तर ऊन नाही, पाऊसही नाही. जमिनीतून नुसती वाफ. सोयाबीनची शेंग हातात घेऊन उकलली तर दाणा फुगलेला, वरचं साल सुटतंय. आक्काच्या रानातल्या दोन शेंगांत मोड दिसला. तात्या म्हणाले, "घटात धान उगवायला आलं आन् शेंगेतबी. देवीनं दोन्हीकडं एकदमच मनावर घेतलंय."

गुरुवारचा चार आठवड्यांचा अंदाज पाहिला. चालू आठवड्यात सरासरीपेक्षा जास्त, त्यानंतर हळूहळू कमी. पण त्या नकाशात अख्खा मराठवाडा एकच रंग असतो, संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत. 'हळूहळू' म्हणजे नेमका कोणता वार, ते त्यातून निघत नाही आणि निघणारही नाही. तो नकाशा त्यासाठी नाहीच.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय. सप्टेंबरच्या अखेरीस ओडिशा-आंध्रकडून जमिनीवर येऊन तेलंगणा, विदर्भावरून पश्चिमेकडं सरकणाऱ्या अशा प्रणालीच मराठवाड्याला सगळ्यात जास्त भिजवतात. आपण पर्जन्यछायेत, पश्चिमेकडून येणारा ढग सह्याद्रीवर रिकामा होतो. पूर्वेकडून आलेल्याला वाटेत सह्याद्रीसारखा सलग डोंगर नाही.

26 सप्टेंबर, शुक्रवार

तात्यांनी माळावरचं दोन एकर सोयाबीन काल कापलं. आज कळलं. गेलो तर कापलेल्या झाडांची कवटं जमिनीवर पडलेली, ओळीनं. बनीम (कापलेल्या मालाचा रचलेला ढीग) लावायला उद्या माणसं येणार म्हणाले.

"तात्या, उद्या तर मुसळधार सांगितलाय."

"तूच लिव्हलास की बाबा, तुरळक हाय म्हणून. तुरळक पावसानं काय होतंय? वाळल वरच्यावर."

मी उभ्या जागी गार. तुरळक हा शब्द बुलेटिनमध्ये पावसाचा नसतो, ठिकाणांचा असतो. पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी', त्यापुढं पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी', मग 'बऱ्याच ठिकाणी', मग सर्वदूर. पाऊस किती, ते पुढच्या शब्दात: 64.5 मिलिमीटरपासून पुढं मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार. मला हे पाठ आहे, कारण मी ते कॉलेजात शिकलो. तात्यांना तुरळक म्हणजे चार थेंब, आणि मराठी त्यांची बरोबर आहे.

दुपारपासून चौघांनी मिळून जमेल तेवढं गोळा केलं. ताडपत्री एकच होती, दुसरी धाब्यावरून आणली. निम्मं झाकलं, निम्मं राहिलं. अंधार पडला.

27 सप्टेंबर, शनिवार

आज सूर्य हस्त नक्षत्रात गेला. उपसागरातलं ते कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र होऊन डिप्रेशन झालं होतं, ते सकाळी ओडिशाच्या दक्षिण किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ जमिनीवर आलं. इथं पहाटेपासूनच सुरू. हैदराबादच्या रडारचं चित्र दर तासाला बघत होतो. तिथून आपण सव्वादोनशे किलोमीटर, पृथ्वीच्या गोलाईमुळं रडारचा किरण इथं पोचेपर्यंत जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर गेलेला असतो. म्हणजे त्याला ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. चित्रात फिकट पिवळं आणि बाहेर बघावं तर अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नाही.

लाईट नाही. बाकी उद्या.

28 सप्टेंबर, रविवार

साडेआठ वाजता पाराजवळचं मापक मोजताना काचेचं नळकांडं हातातून सुटलं, दगडावर पडून फुटलं. दूधवाल्या पोराचं डोकं चाललं. 200 चौरस सेंटिमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिलिलिटर पाणी, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं संकलन केंद्रातलं अर्ध्या लिटरचं मापटं आणलं, जनावरांच्या डॉक्टरची 50 मिलीची सिरिंज आणली. चार मापटी भरली, वर एक सिरिंज पूर्ण आणि दुसरी 30 पर्यंत. 2,080 मिली, भागिले 20, म्हणजे 104 मिलिमीटर. मी मोबाईलवर हिशेब करेपर्यंत त्यानं तोंडीच सांगितलं.

शाळा 97, माळ 88, धाबा 71. नदीकाठी जाता आलं नाही, रस्त्यावर पाणी. आक्कांचा फोन लागला दुपारी: "मापक गेलं रे वाहून. सोयाबीनबी गेलं निम्मं. माणसं-जनावरं नीट हायती."

बाहेरच्या बातम्या त्याहून वाईट. धाराशिव, बीड, नांदेड, सगळीकडं नद्या पात्राबाहेर. जायकवाडीचे सगळे 27 दरवाजे उघडलेत, गोदाकाठच्या गावांना हलवतायत. आपल्या पाच मापकांचा आकडा त्यापुढं काही नाही, पण वहीत आपलाच लिहायचा.

एक गोष्ट गुरुजींना दोनदा समजावावी लागली. आज सकाळचा आकडा 28 तारखेच्या नावावर लागतो, पण पाणी पडलं ते जवळजवळ सगळं 27 ला. वर्तमानपत्रात '28 रोजी 97 मिमी' छापून येईल आणि गावातली माणसं म्हणतील, रविवारी तर उघडलं होतं. म्हणून यापुढं मेसेजमध्ये तारीख न लिहिता 'शनिवार सकाळपासून रविवार सकाळपर्यंत' असंच लिहिणार.

29 सप्टेंबर, सोमवार

तात्यांचं न झाकलेलं एक एकर गेलं. काळं पडलंय, हातात घेतलं की शेंग चिकट लागते. त्यांनी मला बोल लावला नाही, चहा दिला. त्यामुळं जास्त लागलं.

रात्री बसून शब्द बदलले. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी हे शब्द मेसेजमधून काढले. त्याऐवजी असं: "आपल्याकडं दहा गावं धरली तर दोन-तीन गावात जोरात पडेल, कोणत्या ते आज सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनीच पडणार असं धरून चालावं." लांबलचक आहे. पण तात्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे कळतंय."

आणखी एक ओळ रोज शेवटी: "कापावं का: हो / नाही / कापा पण त्याच दिवशी झाका." अंदाज वाचून निर्णय घेणं हे आम्ही शेतकऱ्यावर सोडतो आणि त्यालाच शास्त्रीय पद्धत म्हणतो. निदान आमचं मत काय ते तरी लिहावं.

1 ऑक्टोबर, बुधवार

पंचनाम्याचं काम गावात सुरू. 22 च्या रात्रीच्या पावसाचा प्रश्न निघाला. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर ती अतिवृष्टी, आणि तो आकडा महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा धरतात. आमचं मंडळाचं केंद्र शाळेपासून साडेआठ किलोमीटरवर. तिथं त्या दिवशी 58. शाळेत 74. गुरुजींनी वही घेऊन जाऊन दाखवली. समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हाताचं मोजमाप धरता येत नाही. नियम म्हणून ते बरोबरच, उद्या कोणीही वहीत काहीही लिहील. 27 च्या पावसानं तसाही निकष ओलांडला, त्यामुळं गावाचं अडलं नाही. पण 31 आणि 74 ज्या रात्री एकाच चौकोनात पडले, त्या रात्रीचा 58 हा कुणाचाच पाऊस नव्हता.

2 ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

सकाळी सीमोल्लंघन. सोनं म्हणून आपट्याची पानं वाटताना प्रत्येकाचा प्रश्न एकच, "उघडतंय का?"

गुरुवारचा नवा अंदाज बघितला. पुढच्या आठवड्यापासून पाऊस ओसरणार. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून 14 सप्टेंबरलाच परत फिरायला लागला होता, सर्वसाधारण तारखेच्या म्हणजे 17 च्या तीन दिवस आधी. त्यामुळं इकडंही लवकर उघडेल असं बऱ्याच जणांनी धरलं होतं, मीही. तसं होत नाही. राजस्थानातून निघालेला पाऊस हा काही रेल्वेगाडी नाही की तिकडून वेळेवर सुटली म्हणून इकडं वेळेवर पोचेल. तिकडं कोरडी हवा बसली तरी उपसागरात एक कमी दाब तयार झाला की इकडचं सगळं वेळापत्रक गेलं.

परवापासूनची रीडिंग: 6, 2, 0. कमाल 28, किमान 22. भिंतीवरचा तापमापक आहे, ओसरीत टांगलेला, फार अचूक मानू नये.

आजपासून दुसरी नोंद सुरू केली, खरं म्हणजे हीच पहिली असायला हवी होती: वाफसा, म्हणजे रान कामाला उतरण्याजोगं वाळणं. दसऱ्याला तिघांनी विचारलं 'उघडतंय का', आणि 'हो' म्हटल्यावर तिघांनीही पुढं हेच विचारलं: "मग रानात कधी जाता येईल?" याचं उत्तर कुठल्याच बुलेटिनमध्ये नसतं. असूही शकत नाही, कारण ते आकाशात नाही.

तपासायची पद्धत घरचीच. चार बोटं खाली आणि वीतभर खाली, दोन्हीकडची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा. नुसता चपटा झाला तर नाही. गोळा करतानाच बोटांना चिकटला तर सोडायचंही कारण नाही. वहीत तीन खुणा: फु, च, चि.

आजची स्थिती: माळावर वर फु, खाली च. बाकी सगळीकडं चि.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

मेसेज: "पुढचे पाच दिवस मोठा पाऊस नाही. दुपारनंतर एखाद्या गावात गडगडाटासह सर येऊ शकते. माळरानावरचं, मुरमाड जमिनीतलं सोयाबीन कापा, पण त्याच दिवशी बनीम लावून झाका. भारी रानात अजून उतरू नका, हार्वेस्टर तर नाहीच. कापावं का: माळावर हो, खाली नाही."

अरबी समुद्रात आज 'शक्ती' चक्रीवादळ तयार झालं. तासाभरात पन्नास फोन. कुणीतरी व्हिडिओ फिरवला, 'महाराष्ट्रावर शक्ती धडकणार'. वादळ गुजरातच्या किनाऱ्यापासून समुद्रात आत, पश्चिमेकडं चाललंय. आपण समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत. सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं. तरी संध्याकाळी दोघांनी घाईनं भारी रानात ट्रॅक्टर घातला, 'वादळाच्या आधी काढून घेऊ' म्हणून. मागचं चाक निम्मं आत. बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर, तोही रुतला. मग जेसीबी. सोयाबीन किती निघालं माहीत नाही, पण चाकाचे चर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाणार नाहीत.

5 ऑक्टोबर, रविवार

दुपारी चारच्या सुमाराला ढग आला, शाळेवर 14 मिलिमीटर टाकून गेला. बाकी चारही ठिकाणी शून्य (नदीकाठी नवं मापक परवा बसवलं). विजा भरपूर. दामिनी ॲपवर आधी इशारा आला होता, गुरुजींनी पटांगणातल्या पोरांना आत घेतलं.

शाळेजवळच्या रानात काल खाली च होता, आज वर पुन्हा चि. चौदा मिलिमीटरनं तीन दिवस मागं नेलं.

6 ऑक्टोबर, सोमवार (कोजागरी)

रात्रभर रस्त्यानं तुळजापूरला चालत जाणारे. चंद्र स्वच्छ, कडा ठसठशीत. सप्टेंबरभर चंद्राला खळं होतं. तात्या म्हणाले, "आता खरं उघडलं." मला त्यासाठी आर्द्रतेचा तक्ता बघावा लागला, त्यातही हेच होतं.

8 ऑक्टोबर, बुधवार

भारी काळ्या रानात आज तासभर बसून होतो. वरून पाहिलं तर वाळल्यासारखं, भेगा पडायला लागलेल्या. पायाच्या टाचेनं दाबलं तर वरची पापडी मोडते आणि खाली लोणी. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तिच्या बारीक वाटा बंद होतात, पाणी ना खाली जातं ना वर येतं. ऑक्टोबरच्या उन्हानं रोज चार-पाच मिलिमीटर उडतं, पण ते वरच्या थरातलं. मग पापडीला तडे जातात, त्या तड्यांतून हवा आत जाते आणि तिथून खरं वाळणं सुरू होतं. म्हणून भेगा पडल्या म्हणजे वाफसा झाला असं नाही, वाफशाला सुरुवात झाली एवढंच.

हिशेब केला. शेवटचा मोठा पाऊस 28 च्या सकाळी थांबला. त्यानंतर माळावर दोन्ही खोलीला फु आला 3 तारखेला, म्हणजे सहाव्या दिवशी. पाराजवळच्या मध्यम जमिनीत काल, दहाव्या दिवशी. शाळेजवळ त्या एका सरीमुळं अजून नाही. भारी रानात चार बोटांवर च, वीतभर खाली चि.

एकाच गावात, एकाच पावसानंतर. आणि आम्ही मेसेजमध्ये 'उघडीप' असा एकच शब्द लिहीत होतो.

9 ऑक्टोबर, गुरुवार

माळावरची मळणी. तात्यांचं वाचलेलं एक एकर बनीमीतून काढून यंत्रात टाकलं. बियाण्यासाठी ठेवायचं आहे म्हणून फेरे कमी ठेवायला लावले, मिनिटाला 400 च्या आत, नाही तर दाणा फुटतो, उगवण जाते. यंत्रवाला कुरकुरला, वेळ जातो म्हणून. तात्यांनी त्याला गूळ-शेंगदाणे देऊन बसवलं.

ओलावा 16 टक्के निघाला. हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, पण त्यासाठी ओलावा 12 च्या आत हवा. म्हणजे अजून दोन-तीन दिवस खळ्यावर ऊन. आजवर रानातला ओलावा कधी जाईल म्हणून रडत होतो, आता दाण्यातला का जात नाही म्हणून.

आजचा चार आठवड्यांचा अंदाज: पुढचा आठवडा कोरडा. गटाच्या मीटिंगला वाचून दाखवला, पहिल्यांदाच कुणी उलट प्रश्न विचारला नाही.

11 ऑक्टोबर, शनिवार

वारा फिरला. गेला महिनाभर शाळेवरचा झेंडा पूर्वेकडं फडफडत होता, आज सकाळी नैर्ऋत्येकडं. वारा ईशान्येकडून. कमाल 32, किमान 18. दिवस-रात्रीतला फरक दसऱ्याला सहा अंश होता, आता चौदा. पहाटे दव पडतंय, गवतात चाललं की चप्पल ओली.

दवाचं एक गणित काढणीला लागू पडतं. पूर्ण वाळलेलं सोयाबीन दुपारच्या उन्हात कापलं तर शेंग तडकून दाणे रानात पडतात. सकाळी दव असताना शेंग मऊ असते, तडकत नाही. पण दव असताना बनीम लावली तर आत बुरशी. म्हणून मेसेज: "पहाटेपासून दहापर्यंत कापा, दुपारभर पसरून वाळू द्या, चारनंतर बनीम." गुत्तेवाल्या (ठेक्यानं काढणी करणाऱ्या) बायांना हे पटलं, कारण त्यांनाही दुपारचं ऊन नकोच होतं. गेल्या पंधरवड्यातला माझा सगळ्यात यशस्वी मेसेज हाच, आणि त्यात पावसाचा उल्लेखही नाही.

13 ऑक्टोबर, सोमवार

पाराच्या रानात कुळव चालला. भारी रानात वीतभर खाली आज पहिल्यांदा च. सोळावा दिवस.

आता रब्बीचा पेच. कोरडवाहू ज्वारीची पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत व्हायला पाहिजे, भारी रानात तोपर्यंत तिफण जाणार नाही. म्हणजे ज्वारी माळावर आणि मध्यम जमिनीत, जिथं खोली कमी, ओल टिकत नाही. आणि जिथं ओल भरपूर, परभणी मोतीसारखी ज्वारी झाली असती, तिथं वेळ निघून गेलेली. तिथं हरभरा. आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "कडबा कुठनं आणू मग? हरभऱ्याचा भुस्सा म्हशी खात्यात का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अंदाजात कडब्याचा रकाना नसतो.

हरभऱ्यासाठी सल्ला वेगळा लिहिला. घाई नको. जमीन फार ओली आणि गरम असताना पेरला तर मर (रोपं वाळून जाण्याचा रोग) लागते. बीजप्रक्रिया करूनच पेरा, त्यासाठीची ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी गटाच्या दुकानात आहे. भारी रानाला खुणा फु आल्याशिवाय तिफण नाही.

14 ऑक्टोबर, मंगळवार

धाबेवाले मामा आज साडेआठच्या ठोक्याला फोनवर: "सर, शून्य. काल शून्य, परवा शून्य. रोज शून्यच सांगायचं असेल तर मी झोपू का?" नाही म्हटलं. शून्य हीही रीडिंग. पाच दिवस शून्य आणि मापक बघितलंच नाही असे पाच दिवस, यातला फरक पुढच्या वर्षी कुणाला कळणार? खरं तर परतीचा पाऊस गेला हे ठरवताना वायव्य भारतात हवामान खातंही हेच बघतं, सलग पाच दिवस पाऊस नाही, शिवाय हवेतला ओलावा उतरलेला आणि दीड किलोमीटर उंचीवर वारं उलट्या दिशेनं फिरायला लागलेलं. वरचं वारं आपल्याला दिसत नाही. शून्य मात्र मामांना दिसतं.

16 ऑक्टोबर, गुरुवार

मोसमी पाऊस आज अख्ख्या देशातून परतला असं हवामान खात्यानं जाहीर केलं. सर्वसाधारण तारीख 15. महिनाभर इतका गोंधळ घालून शेवटी एकच दिवस उशीर. दक्षिणेकडं ईशान्य मोसमी पाऊस आजच सुरू झाला, त्यामुळं उपसागरावरची नजर काढायची नाही. स्वाती नक्षत्र 24 च्या आसपास लागतं. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' हे पेरून झालेल्या ज्वारीला. ज्यांचं सोयाबीन अजून खळ्यावर आहे त्यांनी ताडपत्री घडी घालून ठेवू नये, असं मेसेजमध्ये घातलं.

शाळेचं मापक स्वच्छ करायला उघडलं तर नरसाळ्याच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. म्हणजे चार-सहा दिवस तरी झाले असणार. या दिवसांत पाऊस पडला असता तर एक थेंब आत गेला नसता आणि गुरुजींनी इमानदारीत शून्य लिहिलं असतं. शेजारच्या चारही मापकांत शून्यच आहे, म्हणून शाळेचं 10 ते 16 चं शून्य ठेवतो, पण त्यावर चांदणी करतो. यापुढं दर सोमवारी नरसाळं तपासायचं. घर फोडताना जीवावर आलं, फार सुबक होतं.

आजच्या खुणा. माळ: फु, फु. हरभरा पेरून झाला, ज्वारी उगवली. पार: फु, फु. शाळा: फु, फु. भारी रान: फु, च, शनिवारी पुन्हा बघणार. नदीकाठ: वर गाळाचा तीन बोटं थर बसलाय, त्याच्या खाली हात घातला तर अजून पाणी लागतं. आक्का बांधावर बसून होत्या. "फुटला का गोळा?" म्हणाल्या. मी हात दाखवला, कोपरापर्यंत माखलेला.

मेसेज: "पुढचे सात दिवस कोरडे. पेरावं का: माळ, पार, शाळा हो. भारी रान शनिवारी सांगतो. नदीकाठ अजून नाही."

काचेचं नळकांडं अजून आलेलं नाही. मापटं आणि सिरिंजवरच चाललंय.